कल्याण कॅम्प ते बदलापूर : येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आरोग्याचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, आम्ही एखाद्या संपाचा इतिहास सांगू. तो सांगायला आम्हांला आवडलेच असते. परंतु गेली काही वर्षे आमच्या डोक्यात निराळाच हिशेब घोळत आहे. परमुलखातून, पोटासाठी म्हणा किंवा जीव वाचविण्यासाठी म्हणा, जी माणसे या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात आली, त्यांच्या आरोग्याचे पुढे काय झाले, आणि ते कळावयाचे कसे, हा तो हिशेब होय.

आम्ही डॉक्टर नव्हे. शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. या विषयात आमचा अधिकार असलाच तर एवढाच की, ज्या माणसांविषयी हे शास्त्र बोलते ती माणसे आम्ही जवळून पाहिली आहेत आणि त्यांची नावे असलेले हजेरीपट तीस वर्षे चाळले आहेत.

इंग्रजीत ज्याला एपिडेमिऑलॉजी म्हणतात त्याला मराठीत साथरोगशास्त्र हे नाव रूढ झाले आहे. नाव थोडे फसवे आहे. कारण पटकी आणि प्लेग यांच्याइतकेच हे शास्त्र मधुमेहाविषयी, हृदयविकाराविषयी आणि कारखान्यातल्या विषांविषयीही बोलते. डॉक्टर समोरच्या एका रोग्याकडे पाहतो, तर हे शास्त्र साऱ्या वस्तीकडे पाहते. कोणाला झाला, कोणाला झाला नाही, कोठे, केव्हा, एवढेच त्याचे प्रश्न. गणित म्हणाल तर आपण सर्वांनी शाळेत केलेल्या अपूर्णांकाचेच. वर अंश, म्हणजे किती जण आजारी पडले किंवा मेले. खाली छेद, म्हणजे किती जणांमधून. मनुष्य जन्मला त्याच गावात जगला आणि तेथेच मेला तर हा अपूर्णांक सरळ सुटतो. परंतु तो गाडीत बसला की घोटाळा सुरू होतो. छेदात तो एका गावी मोजला जातो आणि अंशात दुसऱ्या गावी.

हा घोटाळा आजचा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात मुंबईतला प्लेग ओळखला. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ भरली होती. पुढच्या चार-पाच महिन्यांत त्यातली जवळजवळ निम्मी माणसे बोचकी बांधून गावी निघून गेली. गिरण्यांचे साचे ओस पडले, गोद्यांत हमाल मिळेना. आता शहरात रोज होणाऱ्या मृत्यूंना भागावयाचे कशाने? आठ लाखांनी भागले तर प्लेग आहे त्याच्या निम्माच दिसतो, कारण खाली माणसे उरलेलीच नाहीत. आणि जे मुंबईतून रोग घेऊन निघाले व कोकणात किंवा घाटावर जाऊन मेले, त्यांचे मृत्यू मुंबईच्या खात्यात पडलेच नाहीत. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला रेल्वेच्या उतारूंना तपासण्याचा अधिकार मिळाला. त्या तपासणीचा जाच पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी भोगला आणि त्याविषयी लिहिलेही गेले आहे. पण उतारूला अडविणे वेगळे आणि त्याला मोजणे वेगळे.

याच्या नेमके उलट उदाहरण मुंबईतच पंचवीस वर्षांनी घडले. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे ६०० हून अधिक तान्ही मुले दगावली असा अधिकृत आकडा आला आणि जगभर त्याचा बोभाटा झाला. एका खोलीच्या बिऱ्हाडातले प्रमाण तर त्याहून भयंकर निघाले. चाळीतले मरण खरेच मोठे होते, यात शंका नाही. अंधारी खोली, चुलीचा धूर, कामावर जाताना मूल झोपून राहावे म्हणून चाटविलेली अफू, हे सारे खरे. परंतु आकडा फुगला तो आणखी एका कारणाने. गिरणीतली बाई बाळंतपणाला माहेरी जाई. मूल रत्नागिरीत किंवा साताऱ्यात जन्मे. चार महिन्यांनी ती ते घेऊन परळला परते आणि मूल परळला मरे. जन्माची नोंद तिकडे, मृत्यूची इकडे. प्लेगमध्ये येण्याजाण्याने शहराचा मृत्यू लपविला होता, येथे तो वाढवून दाखविला. म्हणून आम्ही आमच्या पोरांना सांगतो की, आकडा मोठा आहे म्हणून खूष होऊ नका आणि लहान आहे म्हणून स्वस्थ बसू नका. आधी विचारा की, मोजलेला माणूस जन्मला कोठे आणि मेला कोठे.

आता आपल्या मुलखाकडे वळू.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने जो तळ उभारला तो कल्याण कॅम्प. लढाई संपली, सैनिक गेले, रिकाम्या बराकी उरल्या. फाळणीनंतर सिंधमधून, विशेषतः १९४८ च्या जानेवारीत कराचीला झालेल्या दंग्यानंतर, बोटी भरभरून माणसे मुंबई बंदरात उतरू लागली, आणि त्यांतली फार मोठी संख्या या बराकींत आणून ठेवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर पडले. १९५१ च्या शिरगणतीत येथे ८० हजारांच्या वर वस्ती होती. आजसुद्धा उल्हासनगरात पत्ता विचारला तर कॅम्प नंबर, सेक्शन आणि बराक नंबर सांगतात. पंचाहत्तर वर्षांत घरे चौमजली झाली, पत्ता मात्र लष्करीच राहिला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. निर्वासित हा मोजला गेलेला मनुष्य होता. त्याला शिधा द्यावयाचा होता, जागा द्यावयाची होती, मागे राहिलेल्या घरादाराचा त्याचा दावा तपासावयाचा होता. म्हणून त्याचे नाव, बापाचे नाव, मूळ गाव, कुटुंबातली माणसे, सर्व कागदावर आले. १९५१ च्या शिरगणतीत तर विस्थापितांची गणती वेगळी झाली. त्याच सुमारास, त्याच कल्याण स्टेशनावर, साताऱ्याचा, रत्नागिरीचा, आझमगडचा जो तरुण वळकटी घेऊन उतरला आणि अंबरनाथच्या काडेपेटीच्या किंवा रसायनांच्या कारखान्याकडे चालू लागला, त्याचे नाव कोणी लिहून घेतले? मुकादमाने. आणि मुकादमाची वही कामापुरती असते. एकाच स्टेशनावर उतरलेल्या या दोन माणसांत जो फरक पडला तो पुढे त्यांच्या आजारांतही उतरला, असे आमचे मत आहे.

सिंधी समाजापासून सुरुवात करू. थॅलेसेमिया नावाचा रक्ताचा एक आजार आहे. अमेरिकेतील डॉ. कूली यांनी १९२५ साली त्याचे वर्णन केले. तो आईबापांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर मनुष्य नुसता वाहक असतो. धडधाकट दिसतो, काम करतो, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. परंतु दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक खेपेला चारांत एक अशा हिशेबाने मूल मोठ्या आजाराचे निपजते. त्याला जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्या रक्तातले लोह शरीरात साचून हृदय आणि यकृत बिघडविते. ते बाहेर काढण्याचे औषध आणखी निराळे. एका घरात असे एक मूल असले की सारे घर रक्तपेढीच्या दारात उभे असते.

मुंबई आणि दिल्ली येथील अकरा हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, त्यांत सरासरी शंभरात चार मुले वाहक निघाली. सिंधी समाजात हे प्रमाण याहून बरेच जास्त, हे अनेक तपासण्यांतून दिसून आले आहे. त्यांच्यातला दोष कोणत्या जातीचा, हेही शास्त्राने शोधले. पुष्कळ सिंधी आणि गुजराथी लोहाणा कुटुंबांत हिमोग्लोबिनच्या जनुकातला ६१९ अक्षरांचा तुकडाच गळालेला आढळतो. म्हणजे फाळणीत ज्याचे घर गेले, शेत गेले, दागिने वाटेत गेले, त्याच्या रक्तात मात्र मुलखाची चिठ्ठी तशीच राहिली. हा दोष मुळात एवढा पसरला कसा, याचे उत्तर जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४८-४९ च्या सुमारास सुचविले. वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळत असावे, म्हणून मलेरियाच्या मुलखांत तो दोष टिकून राहिला. (हे हॉल्डेन पुढे १९५७ साली इंग्लंड सोडून हिंदुस्थानात राहावयास आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. तेही स्थलांतरितच!) सिंधूच्या काठी जे हत्यार होते ते उल्हासच्या काठी ओझे झाले.

या ठिकाणी शास्त्राचा उपयोग झाला तो समाज मोजलेला होता म्हणून. कोणाला तपासावयाचे हे ठाऊक होते. पंचायती होत्या, शाळा-कॉलेजे होती. लग्नाआधी रक्त तपासा असे सांगणारी माणसे निघाली. सायप्रस बेटावर याच मार्गाने अशा मुलांचा जन्म जवळजवळ थांबला आहे. एक धोका मात्र सांगून ठेवतो. ‘सिंध्यांचा रोग’ असे म्हणणारे लोक आम्हांला याच पट्ट्यात भेटले आहेत. सरासरी शंभरात चार वाहक याचा अर्थ तो मराठ्यांत, ब्राह्मणांत, दलितांत, मुसलमानांत सर्वत्र आहे. आजाराला जातीचे नाव दिले की ज्याचे नाव दिले तो तपासणीला लाजतो आणि ज्याचे दिले नाही तो तपासणीला येतच नाही.

आता दुसरा मनुष्य, वळकटीवाला.

अंबरनाथला लोक हजार वर्षांपूर्वीच्या शिलाहारांच्या शिवमंदिरासाठी येतात. कारखाने त्या मानाने कालचे. काडेपेटीचा आणि गंधकाम्लाचा कारखाना १९२० च्या दशकातला, दारूगोळा खात्याचे कारखाने स्वातंत्र्यानंतरचे. काडेपेटीविषयी दोन शब्द सांगण्याचा मोह होतो. एके काळी काड्यांना पांढरा फॉस्फरस लावीत, आणि तो हाताळणाऱ्या कामगारांचा जबडा सडत असे. १८८८ साली लंडनच्या काडेपेटी कारखान्यातील मुलींनी जो संप केला त्याच्या कहाण्यांत हा सडलेला जबडा आहे. १९०६ साली बर्न येथे त्या फॉस्फरसविरुद्ध करार झाला आणि १९१३ साली आपल्याकडेही कायदा आला. म्हणून अंबरनाथची काडी ओढली गेली ती या विषाशिवाय. जबडा दिसतो. तो सभेत दाखविता येतो, वर्तमानपत्रात छापता येतो. परंतु बरीच विषे अशी दर्शनी नसतात.

रेयॉन घ्या. १९४० आणि ५० च्या दशकांत मोहोने आणि शहाड येथे रेयॉनचे कारखाने उभे राहिले आणि हजारो माणसांना त्यांनी पोटाला लावले. नकली रेशीम करण्याची रीत जगभर एकच. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवावयाचा, त्यावर कार्बन डायसल्फाइड टाकावयाचे, आणि काकवीसारखा जो द्रव होतो तो बारीक भोकांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडावयाचा. हौदात धागा तयार होतो आणि कार्बन डायसल्फाइड पुन्हा वायुरूपाने सुटते. या पदार्थाने मनुष्याचे डोके बिघडते, झोप उडते, हातापायांना मुंग्या येतात, हे पॅरिसच्या देलपेश या डॉक्टरने रबराच्या कामगारांत १८५६ सालीच पाहिले होते. पण त्याचा हृदयावर काय परिणाम होतो हे कळावयास आणखी शंभर वर्षे जावी लागली, आणि ते डॉक्टरच्या नळीने कळले नाही, मृत्यूंच्या नोंदवहीने कळले. टिलर, शिलिंग आणि मॉरिस या तिघांनी ब्रिटनमध्ये रेयॉन कारखान्यांच्या आसपासच्या १९३३ ते १९६२ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, कोण कोणत्या खात्यात काम करीत होता ते लावून पाहिले, आणि १९६८ साली जाहीर केले की, कताईच्या खात्यात काम केलेल्यांत हृदयविकाराचे मृत्यू बाहेरच्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

ही तपासणी आम्ही प्रथम वाचली तेव्हा तिचा निष्कर्ष आम्हांला तितका हलवून गेला नाही जितकी तिची रीत. त्यांना ते करता आले, कारण तिथला कामगार त्याच गावचा होता. तिथेच जन्मला, तिथेच खपला, तिथल्याच वहीत त्याचा मृत्यू लिहिला गेला. आपला कामगार काय करतो? पाळ्या करतो, खाणावळीत जेवतो, एका गाळ्यात आठ जणांबरोबर झोपतो, आणि शरीर थकले की फंड आणि ग्रॅच्युइटी घेऊन गावी जातो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जेथे घडला तेथे नोंदावयाचा असतो. म्हणजे शहाडला किंवा अंबरनाथला पंचवीस वर्षे काम केलेला मनुष्य कराड तालुक्यात वारला तर ती नोंद त्या ग्रामपंचायतीची. तिथे कोणी डॉक्टर बोलावलेला असतोच असे नाही. साऱ्या देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेले मृत्यू चौथ्या हिश्शाहूनही कमी आहेत. घरचे सांगतात, ‘दम लागला आणि गेले.’ मग ‘शेती’ असा धंदा लिहून कागद बंद होतो.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी या प्रकाराला सॅल्मन माशाचे नाव दिले आहे. तो मासा मरावयाच्या वेळी जन्मलेल्या नदीकडे परत पोहत जातो. आपल्याकडे रावसाला इंग्रजीत इंडियन सॅल्मन म्हणतात. पण तो बिचारा असले काही करीत नाही, ते आपले चाकरमानी करतात. याला जोडून दुसरीही एक गोष्ट आहे. गावातून जो निघतो तो बहुधा त्यातल्या त्यात धट्टाकट्टा असतो, आणि फाटकावरचा डॉक्टर त्यांतूनही निवडून घेतो. तेव्हा आलेला मजबूत, गेलेला आजारी, आणि मधल्या काळाची तेवढी नोंद. असा हिशेब मांडला तर जगातला प्रत्येक कारखाना आरोग्यधाम ठरेल.

आमच्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही, माणसाचेही नाही. रंगासाठी लागणारी रसायने तेथे होत. आमचा एक सभासद तेथे अठरा वर्षे होता. कपडे, बोटे, उशी, सारे पिवळे झालेले. कारखाना बंद पडला, तो गावी गेला. नऊ वर्षांनी त्याची बायको युनियनच्या कचेरीत आली. लघवीतून रक्त जात होते, मिरजेला नेले, मूत्राशयाचा कर्करोग निघाला, गेला. ती विचारीत होती की, फंडातले काही राहिले आहे का. आम्ही तिला फंडाचे सांगितले. पण डोक्यात दुसराच प्रश्न होता. रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे फ्रँकफुर्टच्या रेन या शस्त्रवैद्याने १८९५ साली सांगितले. केस यांनी १९५४ साली ब्रिटनमधल्या मृत्यूच्या दाखल्यांवरून ते सिद्ध केले, आणि कामाला लागल्यापासून रोग दिसेपर्यंत सरासरी अठरा वर्षांच्या आसपास जातात हेही दाखविले. अठरा वर्षे! तोपर्यंत आपल्याकडे कंत्राटदार चार वेळा बदलतो, पाटी दोन वेळा बदलते, आणि मनुष्य मस्टरवरून उतरून मुलखात पोचलेला असतो. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा धंद्यामुळे होणारे रोग मान्य करीत असे, त्यांची यादीच त्याने दिली होती. परंतु भरपाई मागावयाची तर काम आणि रोग यांची गाठ दाखविली पाहिजे. तिच्याजवळ पगाराची एक पावती होती, आणि मिरजेचा कागद. मधली नऊ वर्षे कोठेच लिहिलेली नव्हती.

असे हातावर हात ठेवून बसावे काय? ज्यांनी ही अडचण ओळखून मार्ग काढला असे दोन प्रयत्न आपल्याच देशातले आहेत.

पहिला जुना आहे. क्रिस्टोफर्स आणि बेंटली या दोघा अधिकाऱ्यांनी बंगालच्या उत्तरेकडील दुआर भागातल्या चहामळ्यांवर मलेरियाचा तपास केला आणि १९०९ च्या मुंबईच्या वैद्यक परिषदेत त्याविषयी निबंध वाचला. डास सर्वत्र आहेत, मग मळ्यावरच एवढा कहर का? त्यांचे उत्तर असे की, मजुरांची जमवाजमव हेच त्या आगीचे सरपण. ज्यांच्या अंगात त्या तापाची सवय मुरलेली नाही असे नवे मजूर सतत आणले जातात, दाटीत ठेवले जातात, अर्धपोटी राबविले जातात, आणि ताप विझण्याच्या आत नवे सरपण येऊन पडते. डासाइतकाच मजूरभरतीचा नियमही रोगाचे कारण असतो, हे सरकारी नोकरीतल्या गोऱ्या डॉक्टरांनी म्हणावे याचे आम्हांला आजही कौतुक वाटते. मग बेंटली यांनीच मुंबईच्या मलेरियाचा तपास केला.

दुसरा प्रयत्न अलीकडचा. २००५ ते २००७ या काळात लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळूर येथील चार मोठ्या कारखान्यांत खेड्यातून आलेले कामगार आणि त्यांची जोडीदारे निवडली गेली, आणि प्रत्येकाला सांगितले गेले की, तुझ्या गावी राहिलेला भाऊ किंवा बहीण आम्हांला दे. एकाच आईची दोन मुले. एक शहरात कारखान्यात, दुसरे गावी शेतात. रक्त एक, लहानपणीची भाकर एक. फरक केवळ स्थलांतराचा. साडेसहा हजार माणसांची अशी तुलना होऊन २०१० साली ती प्रसिद्ध झाली. पुरुषांत मधुमेहाचे प्रमाण गावी राहिलेल्यांत शेकडा ६.२, गावातून शहरात आलेल्यांत १४.३, आणि मूळच्या शहरवासियांत १३.५ निघाले. लठ्ठपणा गावी १९, आलेल्यांत ३७.८. म्हणजे भाऊ शहरात आला आणि शहराचा आजार त्याने एका पिढीच्या आतच उचलला. हाच प्रकार जपान्यांविषयी १९६० च्या दशकापासून पाहिला गेला होता. जपानात राहिलेल्यांत हृदयविकार सर्वांत कमी, हवाई बेटावर गेलेल्यांत अधिक, कॅलिफोर्नियात पोचलेल्यांत सर्वांत अधिक.

भावाला शोधण्याची ही युक्ती आम्हांला फार आवडली. कारण कामगाराचा भाऊ कोठे आहे हे मालकाला ठाऊक नसते, सरकारला नसते, पण युनियनच्या माणसाला असते. लग्नाला गेलेला असतो ना!

राहिले बदलापूर. घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी व्युत्पत्ती लोक सांगतात. खरीखोटी कोण जाणे, आजच्या गावाला मात्र ती शोभते. २००१ साली ९७,९४८ वस्ती, २०११ साली १,७४,२२६. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. येथे येणारा मनुष्य बराकीत आला नाही की मुकादमाच्या वहीतही आला नाही. तो घराचा हप्ता फेडीत आला, पहाटेच्या लोकलने मुंबईला जातो आणि रात्री झोपण्यापुरता परततो. त्याच्या मागोमाग ती घरे बांधणारा गवंडी-बिगारी आला, तो तर इमारत पुरी झाली की पुढच्या गावी. २०२१ साली व्हावयाची शिरगणती साथीमुळे त्या वर्षी झाली नाही, म्हणून या गावाचा छेद कित्येक वर्षे अंदाजानेच धरावा लागला.

त्या साथीत काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला आणि नाशिकच्या रस्त्याने माणसे पायी निघाली. श्रमिक गाड्या सुटल्या त्या १ मे पासून. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याहून चालत निघाले होते. सप्टेंबरात लोकसभेत विचारले गेले की, या परतीत किती मजूर दगावले. सरकारचे उत्तर होते, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. त्या उत्तरावर मोठा गदारोळ झाला आणि व्हावयास हवाच होता. आम्हांला मात्र त्यात नवे काही वाटले नाही. १८९७ साली बोचके घेऊन निघालेल्या गिरणीकामगाराचीही आकडेवारी अशीच पडली होती. पुढे २०२१ च्या ऑगस्टात ई-श्रमची नोंदणी सुरू झाली आणि कोट्यवधी नावे लिहिली गेली, हे चांगले झाले. परंतु नावे लिहिणे ही सुरुवात झाली. साथरोगशास्त्राला हवे असते ते त्या नावाचे दहा आणि वीस वर्षांनंतरचे वर्तमान.

ते मिळते कसे, हे आम्ही एका अगदी साध्या साधनाने करून पाहिले आहे. काही वर्षे आमच्या युनियनने गावी गेलेल्या सभासदांना दिवाळीनंतर जोडकार्ड पाठविले. तीनच प्रश्न. तब्येत कशी आहे. कोणते औषध चालू आहे. आपल्या खात्यातल्या आणखी कोणाची काही खबर. उत्तरे बहुधा नातवाच्या अक्षरात येत. कोणी गोळीचे रिकामे पाकीटच कार्डाला चिकटवून पाठवी. तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत लांब उत्तर येई, कारण माणसाला स्वतःच्या दुखण्यापेक्षा जोडीदाराचे दुखणे सांगावयास सोपे जाते. आणि काही कार्डे तशीच परत येत, वर पोस्टमनने ‘मयत’ असा शेरा मारलेला. त्या शेऱ्याची तारीख आम्ही वहीत उतरवून घेत असू, मग घरच्यांना दुसरे पत्र घालून विचारीत असू की, कशाने गेले आणि दवाखान्याचा कागद आहे का.

वहीला सहा रकाने आहेत. नाव; गाव; खाते आणि त्यात काय हाताळले; लागल्याची तारीख; सुटल्याची तारीख; सहावा मोकळा. पाचवा रकाना भरताना मालकाच्या मस्टरचा उपयोग होतो, सहावा भरावयास मस्टरचा काही उपयोग नाही. ही वही रविवारी सकाळी दहा ते बारा युनियनच्या कचेरीत उघडी असते. आज येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांचे वडील, काका, सासरे कोणत्या ना कोणत्या खात्यातून सुटून गावी गेलेले आहेत, हे आम्हांला तोंडे पाहूनच कळते आहे. त्यांचा पत्ता, आणि ते हयात नसतील तर दवाखान्याचा जो कागद घरात असेल तो, घेऊन यावे.